सुस्काऱ्याची टेकडी

ही समोरची बोडखी टेकडी, एका अंगाने खचलेली, तिला आमच्याकडे सुस्काऱ्याची टेकडी म्हणतात. पायथ्याशी काळ्या दगडांची भिंत दिसते, तिथे पूर्वी खाणीचं तोंड होतं. भिंतीला दार नाही, झरोका नाही. उन्हाळ्यात दुपारी वारा अगदी पडला, मोहाचं पानही हलेनासं झालं, की त्या भिंतीमागून एक लांब श्वास ऐकू येतो. वारा असताना येत नाही. थोडं थांबलात तर तुम्हीही ऐकाल कदाचित. ऐकलात तर मोठ्याने बोलू नका, एवढंच सांगणं.

गावात शिरताना ओट्यांवर मांडलेल्या वाट्या, पणत्या, कुंकवाचे करंडे तुम्ही पाहिलेत. त्या ज्या दगडाच्या, तो शिंपगोटा. कच्चा दगड पाहिला तर सारवलेल्या भिंतीच्या रंगाचा, कुणी ढुंकूनही पाहणार नाही. पण पाणी घालून घोटायला घेतला की आतून पांढरी वळणं वर येऊ लागतात. एकेक शंख, एकेक शिंपला, जणू कुणी तांदळाच्या पिठाने काढलेला. समुद्र इथून किती लांब! आमच्या आज्यापणज्यांनीही तो पाहिला नव्हता. तरी दगडात शिंपले आहेत. आसपासच्या मुलखात असा दगड कुठेच सापडत नाही. या एकाच टेकडीत आहे, आणि तोही थोडा.

जुने लोक सांगत, माणूस नव्हता तेव्हा इथे पाणी होतं. मग ते आटत गेलं. पाण्यातले जीव टेकडीला म्हणाले, आम्हाला पोटात घे, पाणी परत येईतो सांभाळ. टेकडीने घेतलं. वरचे जीव उन्हाने वाळून दगड झाले. खालचे नुसते झोपले आहेत. म्हणून पाथरवटांत एक बोलणं होतं : वरचा दगड आपला, खालचा तिचा.

ते बोलणं एकदा मोडलं. त्याची ही हकिकत.

तेव्हा गावच्या पाथरवटांत कवडूजी थोरला होता. त्याचा मुलगा दसरू. दसरूच्या हातासारखा हात पुन्हा या गावात झाला नाही, असं म्हणतात. दगडावर छिन्नी टेकवली की आत शंख कुठे आहे हे त्याला कळायचं म्हणे. त्याची बायको भिवरा, अंगाने लहानशी, बोलायला कमी. दसरू घडवायचा आणि ती घोटायची. आणि सखरू नावाचा दसरूचा जोडीदार होता, गावात सगळ्यांत उंच, म्हाताऱ्या आईचा एकुलता एक. दोघे लहानपणापासून एकत्र वाढलेले, एकाच्या घरी शिजलं की दुसऱ्याच्या पानात पडायचं.

गावचा मालगुजार होता रायभानजी. त्याच्या लेकीचं लग्न ठरलं. वऱ्हाड मोठ्या घरचं येणार होतं. रायभानजीच्या मनात आलं, की पोरीचं बोहलं शिंपगोट्याचं करावं, आणि तेही अखंड एका शिळेचं. त्याने कवडूजीला बोलावलं.

कवडूजी हात जोडून म्हणाला, "मालक, एवढी शिळा वर नाई. वरचा गोटा परातीएवढा निघाला तं नशीब."

"वर नसेल तर खाली असेल."

"खालचा आपला नाई."

"मग कोणाचा? टेकडी माझ्या हद्दीत आहे, आणि तुमची घरंही."

कवडूजीने पुन्हा हात जोडले. पण मागे उभा असलेला दसरू पुढे झाला. "मी काढतो, मालक," तो म्हणाला.

घरी आल्यावर बापाने त्याला विचारलं, "घरासाठी बोललास का?" दसरू खोटं बोलणारा नव्हता. तो म्हणाला, "घरासाठी बी. पण बाबा, मले एक डाव खालचा दगड पाहाचा आहे." लहानपणापासून ती एकच इच्छा त्याच्या पोटात होती.

खणायला सुरुवात झाली. टेकडीच्या पोटात तिरपा बोगदा घेतला. दसरू, सखरू आणि आणखी काही पाथरवट रोज सकाळी आत जात आणि उन्हं कलली की बाहेर येत. पहिले काही दिवस गाणी म्हणत यायचे. मग गाणी थांबली. मग बोलणंही कमी झालं.

भिवरा भाकरी घेऊन बोगद्याच्या तोंडाशी जायची. ती दसरूला विचारायची, काय झालं? दसरू म्हणायचा, काही नाही, दगड ओला लागतोय. खरंच, बाहेर माती तापून भेगाळलेली आणि आतला दगड मात्र घामेजलेल्या अंगासारखा. माणसं बाहेर यायची तेव्हा केस भिजलेले असायचे. आणि शिंपले मोठे होत चालले होते. वरचे नखाएवढे होते, आतले मुठीएवढे, आणखी आत नारळाएवढे. वरचे उघडे, फुटके असत. हे सगळे मिटलेले होते. एकाने घाव घालून एक मिटलेला शिंपला फोडला, तर त्यातून पाणी निघालं. ते पाणी त्याच्या बोटांना लागलं आणि तो माणूस दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही. विचारलं तर नुसता म्हणायचा, "कोमट होतं."

मग सखरूने तो श्वास ऐकला. दुपारची भाकर खाऊन तो आतच भिंतीला टेकून पडला होता. कान दगडाला लागला. आत कुणीतरी श्वास घेतंय असं वाटलं. आपलाच असेल म्हणून त्याने श्वास रोखला. दगडातला श्वास चालूच राहिला.

तो धावत बाहेर आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. दसरूने त्याला बाजूला घेतलं. "कोणाले सांगू नको," तो म्हणाला. "शिळा लागली आहे. आता दोन-चार दिवसांचं काम राह्यलं."

"दसरू, चल वापस."

"तू जा पाह्यजे तं."

सखरू गेला नाही. तुला एकट्याला कसं सोडू, एवढंच म्हणाला म्हणे.

शिळा खरोखरच लागली होती. बोगद्याच्या टोकाला ती उभी होती, भिंतीसारखी, आणि तिच्या मधोमध एक शंख होता. धान्याच्या कणगीएवढा. त्याची वळणं आत आत जात कुठे तरी अंधारात नाहीशी होत होती. वरच्या शंखांत दगड भरलेला असतो, या शंखाचं तोंड मात्र मोकळं होतं, काळं. दसरूने तिथे दिवा धरला. ज्योत आधी शंखाकडे ओढली गेली. मग मागे वाकली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. जरा वेळाने दिवा विझला. दसरूने तो पुन्हा लावला नाही.

शिळा सुटी करायला तिच्या मागून जाणं भाग होतं. पाथरवटांनी बाजूने अरुंद वाट कोरली आणि मागे माणसं उभी राहतील एवढी खोली केली. सगळ्या कडेने भोकं पाडून त्यांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकल्या. पाचरींवर पाणी ओतलं की लाकूड फुगतं आणि दगड आपोआप सुटतो, ही जुनी रीत. शंखाच्या ओठाशी लाकूड बसेना, म्हणून तिथे दसरूने लोखंडी पाचर घातली आणि घणाने आत ठोकली. घण बसला तेव्हा टेकडी हलली असं काही जण म्हणतात. काही म्हणतात हलली नाही, पण श्वास थांबला. तेवढा वेळ सगळीकडे अशी शांतता झाली, की माणसांना आपापल्या काळजाचे ठोके ऐकू आले.

त्यांनी पाचरींवर पाणी ओतलं. लाकूड ते पिऊन गेलं. पुन्हा ओतलं, पुन्हा प्यालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या विहिरींचं पाणी उतरलं. बाया पोहरे सोडत होत्या आणि दोर पुरत नव्हता. विहिरीच्या तळातून घोट घेतल्यासारखा आवाज येत होता. गुरं डोणीशी आणली तर पाण्याला तोंड लावीनात, सगळी टेकडीकडे माना करून उभी राहिली. कवडूजीने ते पाहिलं आणि म्हातारा तसाच अनवाणी टेकडीकडे धावत सुटला. "बाहेर या! सारे बाहेर या!" असा ओरडत गेला. तो बोगद्याच्या तोंडाशी पोहोचतो न पोहोचतो तोच आतून मोठा आवाज झाला, आणि धुळीचा नाही, ओल्या वाफेचा लोट बाहेर आला.

शिळा सुटली होती. पण सुटून ती पुढे सरकली आणि बाजूच्या वाटेवर चपखल बसली. दसरू, सखरू आणि बाकीचे सगळे मागच्या खोलीत अडकले.

सगळं गाव जमलं. मालगुजाराची माणसं आली, स्वतः रायभानजीही आला. बोगद्यातून छिन्नीने ठोकल्याचे आवाज येत होते, आणि त्याबरोबर पाणी भरल्याचा आवाज. विहिरीचं पाणी कुठे गेलं ते तेव्हा कळलं. त्या दोन्ही आवाजांच्या खाली तो श्वास होता. आता तो लांब, शांत राहिला नव्हता. जोरजोरात चालू होता. आत जायला कुणाचे पाय उचलेनात. रायभानजीने आपल्या माणसांना हुकूम केला, तर ती मागे सरली. मग त्याने स्वतः एक पाऊल आत टाकलं. श्वासाचा झोत त्याच्या अंगावर आला आणि तो परत फिरला. वाड्याकडे जाताना त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. लेकीचं लग्न पुढे मातीच्या बोहल्यावर झालं.

भिवरा गर्दीतून पुढे आली. तिने पदर खोचला आणि कवडूजीच्या पायांना हात लावला. म्हातारा म्हणाला, "नको जाऊ, माय."

ती म्हणाली, "मामंजी, मले भेव वाटते. पण ते आत हायेत."

आणि ती आत गेली.

तिथे काय झालं ते एकट्या तिने पाहिलं. तिने ते जेवढं सांगितलं तेवढंच आमच्यापर्यंत आलं आहे. दिवा टिकत नव्हता म्हणून ती भिंत चाचपत गेली. हाताखालचे शिंपले किंचित उघडत होते आणि मिटत होते. ती थांबली, रडली, आणि पुन्हा पुढे गेली. शिळेपाशी पोहोचली तेव्हा पाणी तिच्या पोटऱ्यांना लागत होतं. वर, शिळा आणि छत यांच्यामध्ये, हात जाईल एवढी फट होती. त्यातून दसरूचा आवाज आला, "पाणी छातीले लागलं, भिवरे."

तिला काही सुचेना. शंखाचं तोंड अंधारात होतं, पण झोत अंगावर येत होता त्यावरून तिला ते सापडलं. तोंडाजवळ तोंड नेऊन ती बोलली. देवाशी बोलावं तसं नाही, शेजारणीशी बोलावं तसं बोलली असं सांगतात. ती म्हणाली, "आमचं चुकलं. तुह्या घरात आलो. आता यानार नाई. वरून जे आपल्यानं सुटून पडन तेवढंच घेऊ, पिढ्यान् पिढ्या. आमची माणसं सोड."

श्वास तसाच चालला होता. मग तिच्या हाताला ती लोखंडी पाचर लागली. तिने दोन्ही हातांनी धरून ती हलवली, हलवली, आणि उपसून काढली. आतून कोमट पाणी तिच्या मनगटांवरून ओघळलं. तिने उजवा हात त्या भोकातून आत घातला. का घातला, ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. हात खांद्यापर्यंत आत गेला. आणि आत कशाने तरी, मऊ आणि गार अशा कशाने तरी, तिचा तळवा धरला.

ती किंचाळली नाही. हात ओढला नाही. ती शिळेला गाल लावून तशीच उभी राहिली. हळूहळू श्वास मंदावला. मग झोपलेलं जनावर कुशीवर वळावं तशी ती प्रचंड शिळा जराशी मागे सरकली. वरची फट रुंद झाली.

माणसं बाहेर येऊ लागली. फट उंचावर होती. आत सखरू पाण्यात उभा राहिला आणि त्याने एकेकाला खांद्यावर चढवून वर दिलं. ते भिवरेच्या डोक्यावरून उतरत आणि बोगद्यातून पळत सुटत. दसरूला सखरू म्हणाला, "तू हो आधी. वरून मले हात दे." दसरू चढला, फटीतून या बाजूला आला आणि मागे वळून हात देणार, तेवढ्यात अंधाराला सरावलेल्या त्याच्या डोळ्यांना खाली भिवरा दिसली. खांद्यापर्यंत शंखाने गिळलेली, डोळे मिटलेली.

ती मेली असं त्याला वाटलं. त्याने उडी मारली आणि तिला कमरेला धरलं.

"ओढू नका!" ती ओरडली.

त्याने तोवर ओढलं होतं. पूर्ण ताकदीने. तिचा हात सुटून बाहेर आला. आतून एक आवाज झाला, तो कसला होता ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. आणि शिळा पुढे आली. वरची फट मिटली. सखरूची हाक अर्धवट राहिली.

त्या दिवशी विहिरींना पाणी परत आलं. गावात कुणी ते भरलं नाही.

सखरूची आई बोगद्याच्या तोंडाशी येऊन बसली, ती उठेना. दसरूही उठेना. पुढे दिवस गेले आणि त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की होत गेली, की टेकडीने त्याच्या मित्राला खाल्लं. भिवरा त्या दिवसाबद्दल काही बोलत नव्हती. तिचा उजवा हात गार पडला होता, उन्हात धरला तरी ऊब धरत नव्हता. दसरू त्या हाताकडे पाहायचा आणि त्याचा संताप वाढायचा.

एका सकाळी त्याने पहार आणि घण उचलला. "ती शिळा फोडतो," तो म्हणाला. "तिच्यात जे आहे ते बाहेर काढतो आन् त्याचे तुकडे करतो. मंग मेलो तरी चालन."

कवडूजीने अडवलं, तो थांबला नाही. बोगद्याच्या तोंडाशी भिवरा त्याच्या आडवी आली. इतके दिवस तिने जे गिळून ठेवलं होतं ते सांगितल्याशिवाय आता सुटका नव्हती, आणि सांगितलं तर हा माणूस मोडून पडेल हेही तिला कळत होतं.

"अवो," ती म्हणाली, "ते थरथरत होतं."

"काय?"

"ज्यानं माहा हात धरला ते. पाखराचं पिल्लू थरथरते तसं. तो श्वास तुमी आयकला नं? तो रागाचा नोता. ते भेलं होतं. माह्यापेक्षा जास्त भेलं होतं." ती थांबली. पुढचं वाक्य तिला फार जड गेलं असेल. "मी हात देला तवा शांत झालं. तुमी वढला आन् ते पुन्हा भेलं. म्हणून मिटलं."

दसरूच्या हातातून पहार पडली. घणही त्याने खाली ठेवला. मग तो आत गेला. भिवरा मागोमाग गेली, तिला वाटलं हा आता कपाळ फोडून घेईल. पण त्याने तसं केलं नाही. शिळेपुढे तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने आपला तळवा दगडावर ठेवला. तसाच ठेवून बसला. गार दगड हळूहळू हाताएवढा ऊबदार होईतो बसला. बाहेर आला तेव्हा त्याने भिवरेकडे पाहिलं आणि विचारलं, "सखरू आत भेला असन का गं?"

ती म्हणाली, "एकटा नाई तो."

बोगद्याच्या तोंडावरची ही काळी भिंत मग दसरूने बांधली, कुणाचा हात न लागू देता. त्याने सखरूच्या आईला आपल्या घरी आणलं आणि शेवटपर्यंत आईच म्हटलं. खालच्या दगडाला त्यानंतर कुणी हात लावला नाही. पावसाने टेकडीच्या अंगावरून जो गोटा आपणहून सुटतो तेवढाच गावात येतो, म्हणून तो दुर्मिळ आहे आणि म्हणून त्याची वाटी तुम्हाला बाजारात सहज मिळत नाही. भिवरा म्हातारी होऊन गेली. तिचा गार हात शेवटपर्यंत गारच राहिला. तापाने फणफणलेली लेकरं लोक तिच्याकडे आणत, ती कपाळावर हात ठेवी आणि लेकरं झोपत, असं सांगतात.

आजही आमच्या गावात कोणताही पाथरवट शिंपगोट्याला छिन्नी लावण्याआधी हत्यारं लांब ठेवतो आणि दगडावर उघडा तळवा ठेवून बसतो. घाई करत नाही. दगडाला हाताची ऊब आली की मग काम सुरू होतं. एखादा दगड कितीही वेळ बसलं तरी गारच राहतो. तो कितीही सुंदर असला, गिऱ्हाईक दारात उभं असलं, तरी त्याला परत टेकडीवर नेऊन ठेवतात. का, असं कुणी विचारलं तर आमचे पाथरवट फार बोलत नाहीत. हलक्या आवाजात एवढंच सांगतात : त्याचं भेव अजून गेलं नाई.